दुय्यम प्रत

फोटोत सहा बायका आहेत. एकोणीसशे छत्तीस,
लानेथ्लीच्या कारखान्याचं मागचं फाटक,
कंबरेला गोणपाटाचे एप्रन,
हातात एकेक सॉसपॅन, बक्षीस मिळाल्यासारखा.
पाच चेहरे स्वच्छ.
सहावी हललेली.

सहावी ग्वलॅडिस, माझी आजी.
मी तिला पाहिलेलं नाही.
तिचा एवढाच फोटो, आणि त्यातही
तोंडाच्या जागी
दुधात बोट फिरवल्यासारखं काहीतरी.

पाच जणी महिन्याभरात झाल्या.
तांब्याचा पत्रा कापायचा, तळहाताएवढा,
आम्लात घालून उजळायचा, मग बोट लागू द्यायचं नाही.
आधी पाठीला काच द्यायची, नंतर पोटाला.
पाठ कोरडी राहिली
की गार होताना समोरचा चेहरा तडकतो.
हे मला कुणी शिकवलं नाही,
पहिल्या दोघी तडकून शिकवून गेल्या.
मग चहाच्या गाळणीहून बारीक चाळणीतून
काळ्यावर पांढरी भुकटी,
आणि सुईने खरवडत खरवडत
भुवई, कॉलर, पॅनचा दांडा.
आठशे अंशांवर अडीच मिनिटं.
बाहेर काढला की पत्रा नुसता केशरी असतो, कुणाचाच नसतो,
मग हळूहळू
एकेक बाई आपापला रंग आठवत परत येते.

ग्वलॅडिस येईना.
काचेला कड लागते.
सुई एक तर इथे असते, नाही तर तिथे;
हललेलं माणूस तिला काढता येत नाही.
मी आजीला आईचं नाक देऊन पाहिलं,
माझी हनुवटी देऊन पाहिली.
दोन्ही वेळा भट्टीतून
कुणीतरी परकी, नीटनेटकी बाई निघाली.

रविवारी आयर्लिस मावशीकडे गेले,
वृद्धाश्रमात, ओहोटीची खाडी दिसते त्या खोलीत.
फोटो तिने भिंगाशिवाय पाहिला.
'ही का गं हलली असेल?'
'हलली कुठे? खोकतेय.'
आणि बिस्कीट चहात धरून,
'चाळणीवर होती ना ती. चाळणीवाल्या सगळ्याच खोकायच्या.
रात्री भिंतीपलीकडून ऐकून
आम्ही पोरं किती वाजले ते सांगायचो.'
बिस्कीट तुटून कपात पडलं.
ती चमच्याने काढत बसली.

घरी आले. मास्क चढवला,
दोन गुलाबी गाळण्यांचा, दर तीन महिन्यांनी बदलायच्या.
चाळणी हातात घेतली.
तीच भुकटी.
मनगटाचा तोच हिसका, जो मी
इतके दिवस माझा समजत होते.

पांढरा थर बसला, पिठीसारखा.
सुई उचलली नाही.
मास्क खाली ओढला
आणि तिच्या तोंडाच्या जागी
एकदाच
फुंकर घातली.
भुकटी सरकली, पांगली, डावीकडे जरा जास्तच.
तशीच भट्टीत.

पुढच्या रविवारी मावशीने पत्रा आधी उलटा केला,
पाठ पाहिली, कारखान्यातल्या पोरी बघायच्या तशी,
नखाने वाजवला, कानाशी धरला.
मग समोरून. बराच वेळ.
'सॉसपॅन असता तर फाटकावर गेला असता,
दुय्यम मालात, अर्ध्या किमतीला.'
मी म्हटलं, पुन्हा करते, तांबं आहे अजून.
तिने तो कार्डिगनच्या खिशात टाकला, वर रुमाल कोंबला.
'असू दे. आमच्या स्वयंपाकघरात
पहिल्या प्रतीचं काही आलंच नव्हतं कधी.'